दुरुस्ती कोणाच्या मताने?

मीरा रोडच्या शांती नगरातील आमच्या सोसायटीत उपविधी बदलायचा असेल, तर सर्वसाधारण सभेत हजर राहून मत देणाऱ्या सभासदांपैकी दोन-तृतीयांशांची संमती लागते. वर्गात हे उदाहरण दिले तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, इमारतीच्या नियमाला माझ्या वडिलांचे मत लागते, मग देशाच्या घटनेला का लागत नाही?" २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत 'संविधान बदलणार' ही धास्ती वस्तीवस्तीत पोचली होती. प्रश्न त्या धास्तीतून आलेला होता.

आपल्या घटनेच्या ३६८ व्या कलमात सार्वमत नाही. संसदेच्या प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत लागते. वरिष्ठ न्यायालये, केंद्र व राज्ये यांच्यातील अधिकारांची वाटणी अशा काही बाबींत किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यताही हवी. सार्वमतासारखी किचकट पद्धत मसुद्यात ठेवलेली नाही, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्पष्ट केले होते.

आणीबाणीतील ४२ व्या दुरुस्तीनंतर हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. जनता सरकारने १९७८ साली ४५ व्या दुरुस्तीचे विधेयक आणले. घटनेचे लोकशाही वा धर्मनिरपेक्ष स्वरूप, मूलभूत हक्क, मुक्त निवडणुका, न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य यांना बाधा आणणारी दुरुस्ती जनतेपुढे न्यावी. किमान ५१ टक्के मतदारांनी मतदान करावे व त्यांत बहुमत मिळावे, अशी तरतूद तीत होती. लोकसभेने ती मान्य केली, राज्यसभेने गाळली. उरलेले विधेयक ४४ वी दुरुस्ती ठरले.

मग आपण हळहळावे काय? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याकडे पाहावे. तिथे राज्याची घटना मतदारांच्या साध्या बहुमताने दुरुस्त होते. १९६३ साली विधिमंडळाने घर विकताना वा भाड्याने देताना वर्णभेद करण्यास मनाई केली. १९६४ साली मतदारांनी सुमारे दोन-तृतीयांश मतांनी घटनाच बदलली आणि वाटेल त्याला घर नाकारण्याचा हक्क मालकाला दिला. १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरवली. १९९६ साली मतदारांनीच सरकारी नोकऱ्या व शिक्षणात वंशाच्या आधारे प्राधान्य देण्यास बंदी घातली. ती अजून कायम आहे. घर बघायला गेल्यावर ज्याला आधी आडनाव विचारले जाते, त्याला यात परके काय वाटेल?

राजकीय बहुमत बदलते. जातीधर्माचे बहुमत जन्मानेच ठरलेले असते, हा फरक बाबासाहेबांनी १९४७ सालीच दाखवला होता. अशा समाजात माझ्या माणूसपणावर मतदान घ्यायचे, तर निकाल मतपेटी उघडण्याआधीच ठाऊक असतो.

म्हणून विद्यार्थ्याला मी सांगितले : सार्वमत हे संसदेच्या मनमानीवर जादा कुलूप म्हणून चालेल, एकमेव किल्ली म्हणून नाही. १९७८ च्या विधेयकात ते जादा कुलूपच होते. आणि त्याच्या आधी, १९७३ साली, केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही असे बजावले होते. आमच्या सोसायटीचा ठरावदेखील सभेतल्या मतांनी पुरा होत नाही. तो कायद्याविरुद्ध नाही, हे निबंधकाने पाहून नोंदावे लागते. बहुमतानंतरची ही तपासणी ज्यांची संख्या थोडी आहे त्यांच्यासाठी आहे. तिला आपण कधी अडथळा म्हणू नये.