स्वयंपाकघराचा रंग आणि उतारवयातील नजर

रत्नागिरी परिसरातील जुन्या कौलारू घरांची डागडुजी करताना अनेक कुटुंबे स्वयंपाकघराला हौसेने गावाकडचे रूप देतात. उघडा जांभा, गडद तपकिरी फळ्या, मातकट फरशी असा थाट देखणा दिसतो. परंतु त्या घरात दिवसभर वावरणारी व्यक्ती बहुधा सत्तरीतील असते आणि रंग निवडणारी मंडळी तरुण असतात. म्हणूनच हा प्रश्न सौंदर्याइतकाच आरोग्याचाही आहे.

वयोमानाने डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि बाहुली लहान राहते. परिणामी साठीच्या व्यक्तीच्या दृष्टिपटलापर्यंत, विशीतील व्यक्तीच्या तुलनेत, सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. निळ्या-हिरव्या छटांतील भेद पुसट होतो. मोतीबिंदू असल्यास चकाकीही सहन होत नाही. तरुणांना शीतल वाटणारी जांभ्याची खोली आजींना अंधारीच भासते. तेथे उंबरठ्याला ठेच लागणे किंवा तापलेल्या तव्याला हात लागणे अगदी सहज घडते, आणि या वयात एका पडण्याने खुब्याचे हाड मोडू शकते.

गावाकडचे स्वयंपाकघर म्हणजे अंधार, असे मात्र नाही. चुलीच्या धुराने काळवंडलेल्या भिंतींना पूर्वी चुन्याचा हात दिला जाई. चुना प्रकाश परतवतो, पण चकाकत नाही. अशा भिंतीच्या पायाशी गेरूचा तांबडा पट्टा ओढला, तर भिंत कोठे संपते आणि जमीन कोठे सुरू होते, हे अधू नजरेलाही कळते. उतारवयातील डोळ्यांना हवा असतो तो हाच विरोध: फिकट आणि गडद यांचा.

म्हणून भिंतींना चुन्याचा, ताकाचा किंवा अगदी फिकट हळदीचा, चकाकी नसलेला रंग द्यावा. जांभा उघडा ठेवायचाच असेल, तर खिडकीसमोरची भिंत तरी पांढरी असावी. उंबरठा आणि पायरीची कड जमिनीहून स्पष्ट वेगळ्या रंगाची करावी. काळ्या ओट्यावर लोखंडी तवा दिसत नाही. ओट्याची कड तरी फिकट ठेवावी. विजेच्या बटणांभोवती गडद चौकट रंगवावी. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला फिकट जमिनीवरील काळे पायपुसणे खड्ड्यासारखे भासू शकते, ते टाळावे.

रंगसंगती योग्य आहे का, हे पाहण्याचा एक सोपा उपाय आहे. मोबाइलवर स्वयंपाकघराचे कृष्णधवल छायाचित्र काढावे. त्यात उंबरठा किंवा ओट्याची कड हरवली, तर ती आजोबांच्या नजरेतूनही निसटण्याची शक्यता असते.

हेच तत्त्व ताटालाही लागू पडते. अमेरिकेतील बोस्टन येथील संशोधकांनी २००४ साली अल्झायमरच्या मोजक्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, पांढऱ्याऐवजी ठळक लाल भांड्यांतून अन्न दिल्यावर रुग्णांचे खाणेपिणे वाढल्याचे आढळले. पांढरा भात पांढऱ्या ताटलीत वाढू नये, एवढा बोध आपण नक्कीच घ्यावा.

आता रंगकामाविषयी. जुन्या तैलरंगांत, विशेषतः पिवळ्या व लाल छटांत, शिसे असण्याची शक्यता असते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासू नये. तो ओला करून खरवडावा आणि त्या वेळी नातवंडांना व गर्भवतींना दूर ठेवावे. दमेकऱ्यांनी रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत दुसऱ्या खोलीत राहावे.

येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ओलसर भिंतीवर प्लास्टिक रंग लावल्यास त्याचे पापुद्रे सुटतात. चुना भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो आणि त्याच्या क्षारधर्मामुळे बुरशीलाही सहजी थारा मिळत नाही. रंगकाम दिवाळीनंतर, भिंती वाळल्यावर काढावे. मात्र डोळ्यांत चुना गेल्यास किमान अर्धा तास स्वच्छ पाण्याने डोळा धुवत राहावे आणि विलंब न लावता दवाखाना गाठावा.

रंग हा पुरेशा दिव्याला अथवा नेत्रतपासणीला पर्याय नाही. तरीही अंतिम निवडीपूर्वी दोन-तीन छटांचे हातभर पट्टे भिंतीवर लावून पाहावेत आणि तिन्हीसांजेला, दिवा लावल्यावर, ज्यांचे ते स्वयंपाकघर आहे त्यांनाच विचारावे: यांतले नीट काय दिसते?