जुनी गोळी बंद करू नका



घनसावंगी तालुक्यातील भिल्ल वस्तीवरच्या एका तरुणाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, हा आजार आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करा, अशी विनंती आम्ही केली होती. त्यानंतर काहींनी विचारले, "या आजारावर अँटिऑक्सिडंट कॅप्सूल चालतात म्हणे, पाठवू का?" एका बांधवाने तर प्रेमाने दोन डबे पाठवूनही दिले. मी ते त्या घरी नेऊन दिले आणि तिथेच माझी चूक झाली.

तीन आठवड्यांनी गेले तर मुलगा दोन रात्री झोपला नव्हता. जेवणात विष कालवले आहे म्हणून ताट बाजूला सारत होता. आई म्हणाली, "ताई, ह्या नव्या गोळ्या भारी हायेत ना? म्हून जुन्या बंद केल्या. त्यानं लई सुस्ती येत व्हती." डबा देताना 'जुन्या गोळ्यांबरोबर घ्यायच्या' एवढेही मी बोलले नव्हते.

म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्केच असतो, पण प्राणवायू सुमारे 20 टक्के वापरतो. या कामात काही घातक रेणू तयार होतात. उघड्यावर पडलेल्या विळ्याला गंज चढतो, तसे ते पेशींना हळूहळू खातात. शरीरात त्यांना आवरणारे पदार्थ असतात, तेच अँटिऑक्सिडंट. स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांत हा तोल बिघडलेला आढळतो. मग बाहेरून भर घातली तर? कल्पना चुकीची नाही, आणि तिची तपासणी आपल्या महाराष्ट्रातही झाली आहे.

नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी 40 रुग्णांना आठ आठवडे नेहमीच्या औषधांसोबत क जीवनसत्त्व किंवा तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी दिली. हा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. क जीवनसत्त्व मिळालेल्यांची लक्षणे अधिक कमी झाली. त्याआधी 2003 मध्ये पुण्याच्या संशोधकांनी 33 रुग्णांना चार महिने ई आणि क जीवनसत्त्व व माशाच्या तेलातील घटक दिले. त्यांनाही सुधारणा दिसली, पण तिथे तुलनेसाठी निरुपयोगी गोळी घेणारा गट नव्हता. (क जीवनसत्त्वाची मात्रा सकाळ-संध्याकाळ 500 मिलिग्रॅम होती. आपल्याकडची मोसंबी कितीही गोड असली तरी दोन-चार फळांत एवढे मिळत नाही.)

हे अभ्यास लहान होते. 2016 मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा 22 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा काही ठिकाणी थोडा फायदा दिसला, पण पुरावा कच्चा ठरला. नॉर्वेतल्या एका चाचणीत तर काही रुग्णांचा संशयीपणा नुसत्या ई व क जीवनसत्त्वांनी वाढला. 'जीवनसत्त्वच आहे, त्याने काय होणार' असे मीही समजत होते.

नागपूरला काय किंवा पुण्याला काय, रुग्णांची मूळ औषधे चालूच होती. जीवनसत्त्व ही वरची भर होती, औषधाच्या जागी कुणीच दिले नव्हते. मूळ गोळी बंद झाली की आजार उलटतो, आणि प्रत्येक उलटीनंतर सावरणे अवघड होत जाते. सुस्ती येत असेल तर डॉक्टर मात्रा बदलू शकतात किंवा दुसरी गोळी देऊ शकतात. त्या आईला हे कुणी सांगितलेच नव्हते.

यापुढे कॅप्सूलचे डबे आम्ही स्वीकारणार नाही, राग मानू नये. कुणाला द्यायचेच असेल तर ते डॉक्टरच ठरवतील. आपली मदत जालन्याला जाण्या-येण्याच्या भाड्यासाठी हवी आहे. दवाखान्यात गोळ्या मिळतात, पण एका खेपेला रुग्ण आणि सोबतचा माणूस अशी दोघांची मजुरी बुडते. फोनवर सल्ला हवा असेल तर सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे.

मुलगा पुन्हा जुन्या गोळ्यांवर आहे. मात्रा बदलल्यापासून सुस्ती कमी झाली आहे. मागच्या भेटीत तो शेळ्या घेऊन गेला होता, म्हणून माझी त्याची गाठ पडली नाही.