जुना पीसी मधेच बंद पडतो? एका वेळी एकच गोष्ट बदला

आजचा एपिसोड आहे घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर. म्हणजे २०१२-१३ च्या सुमारास घेतलेला, थर्ड जनरेशन आय-थ्री, ४ जीबी डीडीआर-थ्री रॅम. त्याच्यावर ताईचा प्रोजेक्ट आहे, बाबांच्या दुकानाची बिलं आहेत आणि दहा वर्षांचे फोटो आहेत. आणि हल्ली तो लहरी झालाय. कधी निळी स्क्रीन, कधी जागच्या जागी फ्रीझ, कधी खटकन बंद. दुकानात नेला की ऐकायला मिळतं, "मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या."

गेलेलाही असेल. पण ठरवायचं कसं? कारण रॅम खराब असली, प्रोसेसर तापला, एसएमपीएस दमला किंवा हार्ड डिस्क मरायला टेकली, तरी बाहेरून दिसतं एकच: पीसी बंद पडला. कोडमधला बग शोधताना आम्ही एका वेळी एकच बदल करतो आणि पुन्हा चालवून बघतो. इथेही तेच. रॅम, केबल, विंडोज सगळं एकदम बदललं आणि पीसी चालला, तर दोष कुठे होता ते कळत नाही. पैसे मात्र तिन्हींचे जातात.

आधी डेटा, मग दुरुस्ती

स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवा. दोष डिस्कमध्येच असेल तर तुमची प्रत्येक टेस्ट तिच्यावर ताण टाकणार. म्हणून महत्त्वाच्या फाइल्स आधी पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घ्या. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. त्यात 'रीअलोकेटेड सेक्टर' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' हे आकडे वाढत असतील तर डिस्क निरोप घेतेय असं समजा. पण फक्त 'सीआरसी एरर' वाढत असेल तर डिस्कपेक्षा साटा केबलवर संशय घ्या. केबल बदलणं स्वस्त आहे. जुना आकडा शून्य होत नाही, तो पुढे वाढतोय का तेवढंच बघायचं.

मोबाईलमध्ये नोंदवही ठेवा

स्क्रीन निळी झाली की लगेच फोटो काढा. पीसी किती वाजता बंद पडला, तेव्हा काय चालू होतं, तो गरम होता का, हे नोट्समध्ये लिहा. विंडोजमध्ये 'रिलायबिलिटी मॉनिटर' सर्च केलंत तर कोणत्या दिवशी काय कोसळलं याचा तक्ता मिळतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं म्हणून मात्र लगेच एसएमपीएस बदलू नका. त्याचा अर्थ एवढाच, की पीसी नीट शटडाऊन न होता बंद झाला. कारण तो सांगत नाही.

ही नोंद का हवी? पीसी दोन दिवसांतून एकदा बंद पडत असेल, तर दुरुस्तीनंतर तासभर चालला याला काही अर्थ नाही. आठवडाभर चालला तर बोलू.

विंडोज की हार्डवेअर?

पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट टाका. पीसी बंद करून प्लग काढा, मग हार्ड डिस्कची केबल काढा आणि पेनड्राइव्हवरूनच पीसी चालवा. तिथेही तो कोसळला तर विंडोज आणि डिस्क दोघंही निर्दोष सुटले. नीट चालला तर संशय विंडोज, ड्रायव्हर आणि डिस्क यांच्यावरच.

मग एकेक पार्ट

कॅबिनेट उघडण्याआधी प्लग काढा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातला स्टॅटिक चार्ज जाऊ द्या.

धूळ आणि उष्णता: ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, तो गरागरा फिरू देऊ नका. चालू पीसीत एचडब्ल्यूमॉनिटर लावून तापमान बघा. साधं ब्राउझिंग करतानाच प्रोसेसर ९० अंशांच्या वर जात असेल, तर थर्मल पेस्ट वाळलीय किंवा कूलरची एखादी पिन सुटलीय.

रॅम: काढा, सोनेरी पट्टी खोडरबरने हलक्या हाताने पुसा, कण झटका, परत घट्ट बसवा. दोन स्टिक असतील तर एकेक लावून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एकसुद्धा एरर म्हणजे नापास. नापास स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. एरर स्टिकबरोबर गेली तर स्टिक खराब, पहिल्या स्लॉटलाच राहिली तर स्लॉट.

एसएमपीएस: निळी स्क्रीन न येता पीसी थेट बंद होतो आणि तोही गेम किंवा व्हिडिओ एक्स्पोर्ट सुरू झाल्यावर, तेव्हा याच्यावर पहिला संशय. आधी भिंतीतलं सॉकेट आणि स्पाइक बोर्ड बदलून बघा. १२ व्होल्टच्या लाइनवर ११.४ ते १२.६ एवढंच चालतं, पण सॉफ्टवेअरने दाखवलेल्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास नको. मित्राचा चालू एसएमपीएस लावून बघणं सगळ्यात खात्रीचं. आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

मदरबोर्ड: याचा नंबर शेवटी. मोबाईलचा टॉर्च लावून कपॅसिटर बघा. डोकं फुगलेलं किंवा चिकट गळती दिसली तर पुरावा मिळाला. दरवेळी तारीख मागे जात असेल तर सीआर२०३२ सेल बदला, ती काही मोठी गोष्ट नाही.

खर्च करायचा का?

रॅम, एसएमपीएस, पेस्ट, केबल यांतलं काही असेल तर जरूर करा. हे पार्ट सेकंड हँडही मिळतात. एसएमपीएस तेवढा नवा घ्या. पण बोर्डच गेला असेल, तर डीडीआर-थ्रीच्या जुन्या बोर्डवर पैसे टाकण्याआधी दोनदा विचार करा. विंडोज १० चा नियमित सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

एवढं करूनही दुकानात जावं लागेल कदाचित. पण तेव्हा तुम्ही "दादा, बघा ना काय झालंय" असं म्हणणार नाही. तुम्ही सांगाल, "रॅम रात्रभर तपासली, डिस्क ठीक आहे, दुसरा एसएमपीएस लावला तरी बंद पडतो." मग समोरच्यालाही अंदाजाने पार्ट विकता येत नाही.

तुमच्या पीसीचा काही वेगळाच नखरा असेल तर नोंदीसकट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर बॅकअप घ्या!