एकदांडी ओळखा, पण जखम आधी धुवा

चंद्रपूर-गडचिरोलीत धानाच्या धुऱ्यावर, गवताळ माळावर आणि घरामागच्या बागेत पिवळ्या फुलांचे एक तण हमखास दिसते. त्याचे नाव एकदांडी. कुणी त्याला दगडी पाला म्हणतात, कुणी कंबरमोडी. विळा लागला की याच पाल्याचा रस जखमेवर पिळण्याची पद्धत जुनी आहे. वनस्पती मात्र इथली नाही. ती उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आली. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स.

ओळख सोपी आहे. झाड जमिनीलगत पसरते. पाने समोरासमोर, केसाळ आणि दातेरी कडांची. वर निघणाऱ्या लांब, बिनपानांच्या दांड्यावर एकच फूल. मधला भाग पिवळा, भोवती बहुधा पाच फिकट पाकळ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला दोन-तीन दाते. वाळलेल्या फुलातून बिया म्हातारीसारख्या उडतात.

गल्लत होते ती तिघांशी. माक्याचे फूल पांढरे असते आणि तो ओलसर जागी वाढतो. बागेतल्या ‘पिवळ्या भृंगराजा’चे फूल पूर्ण पिवळे, पाने चकचकीत, तोही परदेशीच. गाजर गवताची पाने गाजरासारखी चिरलेली, फुले बारीक पांढरी. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते, पुरळ उठते. त्यामुळे चुकीचा पाला चोळणे महागात पडू शकते.

पाला बरोबर ओळखला तरी धोका संपत नाही. एकदांडीच्या रसावर प्राण्यांमध्ये प्रयोग झाले आहेत, पण रानातून तोडलेला पाला म्हणजे तपासलेले औषध नव्हे. जमिनीलगतच्या पानांना माती लागलेली असते आणि मातीत धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू वर्षानुवर्षे टिकतात. खोल जखमेत हवा पोहोचत नाही. तिथे ते वाढतात.

म्हणून जखम आधी स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, रक्त थांबेपर्यंत स्वच्छ कापडाने दाबून धरावी. जखम खोल किंवा मातीने माखलेली असेल, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. शेवटच्या धनुर्वात लसीला पाच वर्षे झाली असल्यास तीही घ्यावी. कुत्रा किंवा रानटी जनावर चावल्यास जखम पंधरा मिनिटे धुऊन रेबीजची लस घ्यायलाच हवी. सर्पदंशावर कोणताही पाला उपयोगाचा नाही. तिथे वेळ न दवडता रुग्णालय गाठणे हाच उपाय.