पडद्यावरचे न्यायालय आणि शाळेतले रजिस्टर

लातूर व नांदेड ही आज विद्यार्थ्यांची शहरे झाली आहेत. दहावी होताच आसपासच्या जिल्ह्यांतील हजारो मुले गाव सोडून येथील खोल्यांत आणि वसतिगृहांत राहावयास येतात. पंधरा ते अठरा हे त्यांचे वय. दिवसभराच्या शिकवण्या आटोपल्यावर मोबाईलच्या पडद्यावर ती जे खटले पाहतात, त्यांतील आरोपीही कित्येकदा त्यांच्याच वयाचा असतो. २०२२ मधील ‘क्रिमिनल जस्टिस : अधुरा सच’ या हिंदी मालिकेत बहिणीच्या खुनाचा आरोप एका अल्पवयीन भावावर येतो. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ‘अ‍ॅडोलेसन्स’ या चार भागांच्या ब्रिटिश मालिकेतील आरोपी तर अवघ्या तेरा वर्षांचा आहे.

या मालिकांचे मोल कमी नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले मूल आधी मूल असते, हे त्या प्रेक्षकाच्या गळी उतरवतात. ‘अ‍ॅडोलेसन्स’मध्ये तर खटल्याची सुनावणी जवळजवळ नाहीच. पोलीस शाळेत चौकशीला जातात, तेव्हा आपले विद्यार्थी कोणत्या जगात वावरतात याचा शिक्षकांनाच पत्ता नसल्याचे उघड होते. शिक्षकाने अंतर्मुख व्हावे असा हा भाग आहे. परंतु नाटकाची एक सोय असते. आरोपीचे वय तेथे पहिल्या दृश्यापासून ठरलेले असते. आपल्याकडे मात्र अनेक खटल्यांत पहिला प्रश्न तोच असतो आणि त्याचे उत्तर न्यायालयात नव्हे, तर एखाद्या शाळेच्या कपाटात सापडते.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमात वयाला केवढे महत्त्व आहे ते पाहण्यासारखे आहे. अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. या मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. मूल सोळा वर्षांखालील असेल, तर गुन्हा कितीही घोर असला तरी त्याला प्रौढ म्हणून खटल्याला सामोरे जावे लागत नाही; विशेषगृहात अधिकात अधिक तीन वर्षे राहावे लागते. सोळा ते अठरा या वयात घोर गुन्हा घडला असेल, तर मात्र मंडळ प्राथमिक परीक्षण करून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. दिल्लीतील २०१२ च्या घटनेनंतर उसळलेल्या संतापातून ही तरतूद आली. म्हणजे चार-सहा महिन्यांच्या फरकाने मुलाच्या आयुष्याची दिशा बदलते.

हे वय ठरवायचे कसे, याचा क्रमही कायद्यानेच घालून दिला आहे. प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका अथवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आणि यांपैकी काहीच नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी.

पुण्यात १९९४ साली एकाच घरातील सात जणांचे हत्याकांड घडले. त्यातील एका आरोपीला १९९८ मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे राजस्थानातील एका शाळेच्या नोंदीवरून निष्पन्न झाले की, गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. शाळेतील नाव आणि खटल्यातील नाव यांत फरक असल्याने त्यावरही वाद झाला. अखेर मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या सुटकेचा आदेश दिला. तोवर त्याची अठ्ठावीस वर्षे तुरुंगात गेली होती. गुन्हा भीषण होता आणि मृतांच्या आप्तांचे दुःख कोणत्याही निकालाने हलके होणारे नाही. तथापि बारा वर्षांच्या मुलाला फासाचा दोर दाखविणे कोणत्याच कायद्यात बसत नव्हते.

दुसरे उदाहरण २००३ मधील एका खून खटल्याचे. भटक्या जमातीतील सहा मजुरांना नाशिकच्या न्यायालयाने २००६ मध्ये फाशी सुनावली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी योग्य ठरविली. त्यांतील एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे त्यानंतर उजेडात आले. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. याउलट मे २०२४ मध्ये पुण्यात मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते ठार झाले, त्या प्रकरणातील मुलाचे वय पहिल्या दिवसापासून कागदोपत्री स्पष्ट होते. निबंध लिहिण्याच्या अटीसह मिळालेल्या त्याच्या जामिनावर लोक संतापले, ते स्वाभाविकच. परंतु ज्या मुलाजवळ कागदही नाही आणि वकीलही नाही, त्याच्यासाठी रस्त्यावर कोण येणार?

मराठवाड्याला हा प्रश्न परका नाही. येथील जुन्या पिढीतील असंख्य माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो. मूल शाळेत आणले की गुरुजी त्याच्याकडे पाहून वर्ष ठरवीत आणि तारीख १ जून टाकीत. आता जन्मनोंदणी वाढली आहे. तरीही बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील मूल कारखान्यावरच्या कोपीत जन्मते, एका गावच्या शाळेत नाव लागते, दुसऱ्या गावी शिकते, आणि नोंद करायची कोठे हे आईबापांना उमगत नाही. शिवाय पुढे नोकरीला उपयोगी पडावे म्हणून वय कमी सांगणारे पालकही असतात. अंदाजाने वय वाढले तर मूल तुरुंगात जाऊ शकते. लबाडीने घटले तर प्रौढ गुन्हेगार सुटू शकतो. दोन्हीकडून न्यायाचीच हानी होते.

म्हणूनच प्रवेश देताना जन्मदाखला मागणे, तो नसल्यास ग्रामपंचायतीतून मिळवून देण्यास पालकांना मदत करणे, नाव व आडनाव दोन्हीकडे सारखे आहे ना हे ताडून पाहणे, ही लिपिकाची व मुख्याध्यापकाची कामे केवळ कारकुनी नाहीत. त्यांवर कोणी मालिका काढणार नाही. पण उद्या बाल न्याय मंडळापुढे एखाद्या मुलाचा उतारा मागविला गेला, तर जनरल रजिस्टरातील तीच ओळ त्याची पहिली साक्षीदार ठरणार आहे. ती ओळ खरी असावी, एवढी जबाबदारी प्रत्येक शाळेला पेलता येण्याजोगी आहे.