चिनी कंदुकक्रीडा

फुटबॉल हा खेळ साहेबानें जगास दिला, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. आजच्या खेळाचे नियम इ. स. १८६३ मध्यें लंडन येथें बांधले गेले, हें खरेंच. परंतु चेंडूस लाथ मारून खेळण्याचा एक प्रकार त्यापूर्वीं दोन हजारांहून अधिक वर्षें चीन देशांत रूढ होता.

त्याचें नांव 'त्सू-च्यू'. 'त्सू' म्हणजे लाथाडणें व 'च्यू' म्हणजे चामड्याचा चेंडू. लिन्झ या संपन्न राजधानीचे नागरिक वाद्यें वाजवीत, कोंबड्यांच्या झुंजी लावीत आणि हा खेळ खेळत, असें सिमा छ्येन या थोर इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. हान काळांत तो सैन्याच्या कवायतीचा भाग झाला. हुओ छ्यूबिंग या तरुण सेनापतीस त्याचें इतकें वेड, कीं सीमेवर शिपाई अन्नावांचून निपचित पडले असतांही त्याचा खेळ चालूच राही! एका रोग्यास तर वैद्यानें श्रम वर्ज्य सांगितले असतां त्यानें चेंडू खेळून प्राण गमाविला.

आरंभीं चेंडूंत पिसें अथवा केस भरीत. थांग काळांत (६१८–९०७) हवा भरलेला हलका चेंडू आला, तेव्हां उंच खांबांवरील जाळीच्या छिद्रांतून तो मारण्याची युक्ति निघाली. स्त्रियाही खेळूं लागल्या. सुंग काळांत (९६०–१२७९) खेळाडूंचे संघ स्थापन झाले. पुढें मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहानें सैनिकांस या खेळाची बंदी केली आणि हळूहळू तो लोपला.

इ. स. २००४ मध्यें आंतरराष्ट्रीय फुटबॉल संस्थेनें चीनच्या या ज्येष्ठत्वास मान्यता दिली. तथापि त्या खेळापासून लंडनच्या नियमांपर्यंत अखंड वंशपरंपरा दाखवितां येत नाहीं. म्हणून त्यास आजच्या फुटबॉलचा पिता न म्हणतां वडील चुलता म्हणणें आम्हांस अधिक योग्य वाटतें.

परंतु मानाचा हा वाद गौण होय. हान काळांतील ली यौ या कवीनें या खेळावर एक लहानसा लेख रचला. पंचानें आप्त व परका असा भेद करूं नये, खेळाडूंनीं मन शांत ठेवावें व निकालाबद्दल कुरकुरूं नये. खेळांत जर इतकी निःपक्षपाती वृत्ति हवी, तर राज्यकारभारांत ती किती हवी, असा त्याचा आशय आहे. ज्या घरांत चार भावांचीं मुलें एकत्र वाढतात, तेथील वडीलधाऱ्यांनींही हा प्रश्न स्वतःस विचारून पाहावा. चेंडू कोणाचाही असो. निवाडा मात्र सर्वांस सारखाच असला पाहिजे.