पश्चिमेच्या खिडकीचा हिशेब

खिडकीच्या फिल्मच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की विक्रेता काउंटरखालून एक खोकं वर काढतो. आत लालसर दिवा आणि समोर खाचेत बसवलेले काचेचे चार तुकडे. पहिला साधा, दुसऱ्यावर काळी फिल्म, तिसऱ्यावर आरशासारखी चकचकीत आणि चौथ्यावर फिल्म आहे की नाही असा संशय यावा इतकी स्वच्छ. ‘हात ठेवून बघा साहेब.’ साध्या काचेमागून हात लगेच मागे घ्यावा लागतो. काळ्या तुकड्यामागेही तो फार वेळ टिकत नाही. चौथ्या, पारदर्शक तुकड्यामागे मात्र तळहात खुशाल ठेवता येतो. गिऱ्हाईक चकित होतं आणि मग भाव ऐकून दुसऱ्यांदा चकित होतं.

या प्रयोगात लबाडी नाही, पण सत्यही अर्धंच आहे. खोक्यातला दिवा म्हणजे सूर्य नव्हे. तसला बल्ब आपली बहुतेक ऊर्जा अवरक्त किरणांत सोडतो, उजेड जेमतेम देतो. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हाची वाटणी वेगळी असते. त्यात अवरक्त भाग निम्म्याहून थोडा जास्त, डोळ्यांना दिसणारा प्रकाश चाळीस टक्क्यांच्या वर आणि अतिनील किरण तीन-पाच टक्के. दिसणारा प्रकाश फरशीवर, भिंतीवर, सोफ्यावर पडून शोषला गेला की त्याचीही उष्णताच होते. त्यामुळे अवरक्त किरण शंभर टक्के अडवून ७० टक्के उजेड आत सोडणारी फिल्म बनवली, तरी उन्हाच्या एकूण ऊर्जेतला ३० टक्क्यांच्या आसपास वाटा घरात येणारच. ‘उजेड सगळा, ऊन शून्य’ असा माल कोणत्याही दुकानात नाही, कारण तो निसर्गातच नाही.

म्हणून नमुन्यांच्या पुस्तिकेत दोन आकडे जोडीनं वाचायचे. व्हीएलटी म्हणजे दिसणारा उजेड किती टक्के आत येतो ते, आणि टीएसईआर म्हणजे सूर्याची एकूण ऊर्जा किती टक्के बाहेर राहते ते. काही कंपन्या दुसऱ्याऐवजी एसएचजीसी देतात. तो उलटा आकडा, ०.५ लिहिलं असेल तर निम्मी उष्णता आत येते. विक्रेता जोरात सांगतो तो आकडा मात्र बहुधा तिसराच असतो: ‘आयआर रिजेक्शन ९७ टक्के!’ हा फक्त अवरक्त भागाचा हिशेब, आणि कित्येकदा तोही अवरक्त पट्ट्याच्या एका सोयीच्या तुकड्यात मोजलेला. त्याच फिल्मचा टीएसईआर विचारला तर तो ५०-६० निघू शकतो. ५० हा आकडाही वाईट नाही. पण ९७ ऐकून गेलेल्या माणसाची घरी निराशा होते.

सगळ्यात मोठा गैरसमज काळ्या रंगाचा. काच जितकी काळी तितकी खोली थंड, असं गाड्यांच्या काचा बघून डोक्यात बसलंय. नुसत्या रंगाची फिल्म ऊन परतवत नाही, शोषून घेते. मग काच तापते आणि त्या उष्णतेतली काही बाहेर जाते, काही आत येते. सुमारे ३५ टक्के उजेड सोडणारी रंगीत फिल्म लावली तर खोली चांगलीच अंधारते, दुपारी दिवे लावायची वेळ येते, आणि उष्णता मात्र चौथ्या-पाचव्या हिश्शानंच घटते. डोळ्यांवरची चमक जाते हे खरं. संगणकाच्या पडद्यासमोर बसणाऱ्याला तेवढंही पुरतं.

परतवणारी फिल्म हे पुढचं पाऊल. अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीला अशा फिल्मचं पेटंट १९६६ मध्ये मिळालं. निर्वात जागेत अ‍ॅल्युमिनियमची वाफ करायची आणि तिचा अतिपातळ थर प्लॅस्टिकवर बसवायचा, ही मूळ कल्पना. पुढे चांदीसारख्या धातूंचे थर आले, अनेक पदर एकावर एक बसवायची तंत्रं आली, मग धातूंच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण वापरणारी ‘सिरॅमिक’ फिल्म आली. उजेडाला वाट द्यायची आणि अवरक्त किरणांना अडवायचं, ही निवड हे नंतरचे प्रकार चांगली करतात. म्हणून ते महाग. सत्तर टक्के उजेड आणि निम्मीच उष्णता, एवढी मजल त्यांनी मारली आहे.

ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही. आबासाहेब गरवारे यांच्या उद्योगसमूहातली, आधी गरवारे पॉलिएस्टर आणि आता गरवारे हाय-टेक फिल्म्स या नावानं ओळखली जाणारी कंपनी छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि चिकलठाण्याला अशा फिल्म तयार करते. पॉलिएस्टरच्या अंगातच रंग मुरवण्याच्या तंत्रासाठी ती ओळखली जाते, आणि तिचा बराच माल परदेशी जातो. मराठवाड्याच्या उन्हात तयार झालेली फिल्म अमेरिकेतल्या खिडकीवर चढते, यात एक गंमत आहेच.

आता लावायची कुठे? इथे दुकानदारापेक्षा पंचांग कामाचं. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यावर आणि नागपुरात त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शून्य सावली दिवस येतो. भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर. त्यानंतर पुण्या-मुंबईत जुलैअखेरपर्यंत आणि नागपुरात जुलैच्या मध्यापर्यंत तो मध्यान्हीला आपल्या उत्तरेकडून जातो. म्हणजे कडक उन्हाळ्याच्या शेवटी दक्षिणेच्या खिडकीत सरळ ऊन येतच नाही! ते येतं डिसेंबरात, तिरकं आणि हवंहवंसं. नाशिक-नागपूरकडे थंडीत त्या उन्हात पाय टाकून बसणारे आजी-आजोबा असतील, तर दक्षिणेच्या काचेला फिल्म लावू नये. पैसेही वाचतात.

खरी आग पश्चिमेची. मेच्या मध्यावर पुण्यात दुपारी साडेचारला सूर्य क्षितिजापासून तेहेतीस-चौतीस अंशांवर असतो आणि पश्चिमेच्या भिंतीवर जवळजवळ समोरून मारा करतो. खिडकीवर दोन फुटी छज्जा असला तरी त्या वेळी त्याची सावली जेमतेम सव्वा फूट उतरते. साडेपाचला पाऊण फूटही नाही. पाच फूट बाय चार फुटांची खिडकी धरली, तर अशा वेळी तिच्यावर हजार वॉटच्या वर ऊर्जा पडते. साध्या काचेतून त्यातली ८५ टक्क्यांच्या आसपास आत येते. खोलीत कुणी इस्त्री चालू करून विसरावं, तसा हा प्रकार. चांगली फिल्म लावली की आत येणारं ९०० वॉटचं ओझं ५०० च्या घरात येतं. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॉट उष्णता बाहेर फेकतो. त्याच्या मानानं ही चारशे वॉटची सुटका आठव्या हिश्शाएवढी. एसीची धडपड कमी होते, खिडकीजवळच्या खुर्चीत बसवतं, पण ‘फिल्म लावा, एसी विसरा’ ही जाहिरात झाली.

वरच्या मजल्यावर तर आधी स्लॅबकडे बघायला हवं. डोक्यावरचं सिमेंट दिवसभर तापून रात्री उष्णता खाली सोडत असेल, तर खिडकीला काहीही चिकटवून उपयोग नाही. बाहेर ४२ अंश असताना काचेला लागणारी गरम हवा काचेतून उष्णता आत ढकलते, तीही साध्या फिल्मनं फारशी कमी होत नाही. आणखी एक गोष्ट दुकानात कुणी बोलत नाही. सरकती खिडकी वाऱ्यासाठी उघडली की निम्म्या भागात काच नाहीच, फक्त मच्छरदाणीची जाळी. संध्याकाळी खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या मुंबईकराला फिल्म निम्मीच पावते.

ऊन काचेपर्यंत पोचण्याआधी अडवणं हा केव्हाही वरचढ उपाय. बाहेरून सोडलेली बांबूची चिक, लाकडी झडपा, विदर्भात दारा-खिडक्यांना लावायच्या वाळ्याच्या ताट्या, यांपुढे आतून लावलेली कोणतीही फिल्म दुय्यमच. गोव्यातल्या जुन्या घरांत काचेऐवजी चपट्या अर्धपारदर्शक शिंपल्यांचे तुकडे लाकडी चौकटीत बसवत. बाहेरचं काही दिसत नसे, पण खोलीभर मऊ उजेड पसरे आणि डोळ्यांवर चमक येत नसे. मात्र बाराव्या मजल्यावर चिक बांधली तर वारा ती टिकू देत नाही, आणि सोसायटीही देत नाही. फिल्मचा खरा उपयोग अशा ठिकाणी आहे.

‘पण फिल्मवर बंदी आहे ना?’ हा प्रश्न हमखास येतो. तो गाड्यांचा मामला. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये वाहनांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केली होती. घराच्या खिडक्यांशी त्या आदेशाचा संबंध नाही. सोसायटीचं मात्र विचारून घ्यावं, कारण आरशासारखी फिल्म इमारतीचं रूप बदलते आणि समोरच्या बाल्कनीत तुमचं ऊन पाठवते. २०१३ मध्ये लंडनच्या फेनचर्च स्ट्रीटवरच्या एका अंतर्वक्र काचेच्या टॉवरनं ऊन रस्त्यावर असं एकवटलं की खाली उभ्या गाडीचे भाग वितळले. आपल्या सपाट खिडकीतून इतकं होणार नाही, पण शेजारी चिडायला इतकं लागतही नाही. शिवाय दयाळ किंवा सूर्यपक्षी त्या काचेत प्रतिस्पर्धी पाहून सकाळभर चोच आपटत बसतात.

आरशासारख्या फिल्ममुळे ‘बाहेरून आतलं दिसत नाही’ हेही दिवसापुरतंच. ज्या बाजूला उजेड जास्त, तिकडून आरसा. रात्री घरात दिवा लागला की पारडं फिरतं आणि सगळी बैठक समोरच्या इमारतीला दिसते. पडदे काढून टाकायची घाई नको.

लावण्याचं काम बघण्यासारखं असतं. कारागीर आधी काच ब्लेडनं खरवडतो. जुन्या रंगाचा एक ठिपका राहिला तरी तिथे कायमचा फोड. मग शाम्पूच्या पाण्याचा फवारा काचेवर आणि सोललेल्या फिल्मच्या गोंदाच्या बाजूवर. ओल्या काचेवर फिल्म मासोळीसारखी सरकते, तेव्हाच ती जागेवर बसवायची. रबरी स्क्वीजीनं मधून कडांकडे पाणी हाकलायचं आणि कडेला एक-दोन मिलिमीटर जागा सोडून कापायचं. नंतरचे काही दिवस फिल्म धुरकट दिसते, बारीक पाण्याचे फुगे दिसतात. तक्रार करायची नाही; गोंद पूर्ण बसायला महिनाही लागतो. तोवर काच पुसायची नाही, आणि नंतरही अमोनियावालं क्लीनर टाळायचं.

काचेचा प्रकार न विचारता फिल्म लावणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवावं. साधी, न टणकवलेली काच जास्त शोषणाऱ्या फिल्मनं मध्ये तापते, चौकटीतली कड थंड राहते, आणि त्या ताणानं कडेच्या एखाद्या जुन्या टवक्यापासून तडा जाऊ शकतो. तारेची जाळी असलेली काच आणि दुहेरी काचेची खिडकी यांच्याबाबत तर फिल्म बनवणाऱ्या कंपनीची लेखी शिफारस मागावी. टफन्ड काचेला ही भीती फार कमी.

स्वस्त रंगीत फिल्म काही वर्षांनी जांभळी पडते, कडा सुटू लागतात. तेव्हा ती काढायला सुरीनं ओरबाडू नये. साबणाच्या पाण्यानं भिजवून वर काळं प्लॅस्टिक चिकटवावं आणि दुपारचं ऊन त्यावर येऊ द्यावं. गोंद मऊ पडला की एका कोपऱ्यापासून फिल्म सावकाश सोलता येते. मागे राहिलेला चिकटा साबणाचं पाणी आणि नव्या ब्लेडनं निघतो.